गेलेल्या राज्याचं चौथं वर्ष

पानं मी उकळते.
श्रीताडाची, कोवळी, मधली शीर काढून;
मग सावलीत सुकवायची, शंखाने घोटायची,
दोऱ्यासाठी दोन भोकं पाडायची.
अक्षरं बाबा लिहितात.
शेवटच्या पानावर, बोटं आखडली की,
राजाचं नाव घालतात आणि वर्ष.
आमच्यात काळ असाच मोजतात.
मी नवव्या वर्षातली.
कुणाच्या नवव्या, हे तेव्हा विचारावं लागत नव्हतं.

पहिल्या राजाची गोष्ट मी मासे साफ करताना ऐकली.
म्हणे, फार पूर्वी या देशात
मोठा मासा लहान माशाला गिळायचा
आणि ती माशांची गोष्ट नव्हती.
जो तो आपल्या बांधापुरता राजा.
शेवटी लोक दमले,
एकत्र जमले,
एका सैनिकाच्या पोराला म्हणाले, तू बस.
तो बसला.
(पोथीत मात्र बाबा त्याला सागराच्या कुळातला लिहितात.
मजकूर ठरलेला आहे.)

मग विटा.
इतक्या विटा, की भट्ट्यांचा धूर
तीन पिढ्या खाली बसला नाही, असं म्हणतात.
भिंतींवर मातीचे हंस, मातीची डुकरं,
पाठीवर पोर घेतलेली मातीची बाई.
बेटांवरून गलबतं यायची, बर्फातून खेचरं यायची,
आणि जाताना सगळी
पुस्तकंच मागायची.

पणजोबा तिकडे करतोयेच्या काठी लिहायचे.
त्यांच्या हयातीत कैवर्त उठले.
जाळी टाकणारे, होड्या वल्हवणारे,
म्हशींवर बसून लढायला आले
आणि जिंकले.
लहान माशांनी गिळलं त्या वेळी.
पणजोबांनी त्यांच्या राज्यातही पोथ्या लिहिल्या,
फक्त वर्षाच्या जागी एक फूल काढलं.
बाबांनी दाखवलंय मला ते:
आठ पाकळ्या, मधोमध कोरं.
म्हणाले, घाबरला होता.
मग थोड्या वेळाने म्हणाले, नसेलही.

राज्य परत आलं, पण धुतलेल्या लोकरीसारखं,
अंगाला होईना.
दक्षिणेकडून दुसरे राजे आले,
आम्ही दौती, फळ्या, शंख बांधून पश्चिमेला सरकलो,
सरकत सरकत फल्गूपर्यंत,
जिथे पाण्यासाठी वाळू उकरावी लागते.
राजाही आमच्यासारखाच सरकत असावा.
मग एका उन्हाळ्यात तो नव्हता.
मेला, पळाला, विहारात गेला,
बाजारात तिन्ही ऐकलं, एकाच दिवशी.

या पावसाळ्यानंतर विड्याची पानं विकणारी सोमाका आली.
आईच्या पुण्यासाठी तिला पोथी हवी होती,
चांदीची चार नाणी पदरात बांधून आणली होती.
बाबांनी सात महिने लिहिलं.
शेवटच्या पानावर हात थांबला.
शाई टोकावर जमली, टपकणार, मी फडकं पुढे केलं.
सोमाका म्हणाली, घाला ना वर्ष,
आईला कळायला नको, कधी केलं ते?

बाबांनी जुन्याच राजाचं नाव लिहिलं.
त्याच्यापुढे लिहिलं: गेलेल्या राज्यात,
वर्ष चौथं.

मी म्हटलं, गेलेल्याची वर्षं कशी मोजायची?
ते म्हणाले, सोमाकेला विचार,
आई जाऊन किती झाली ते तिला पाठ आहे.

दहा दिवसांनी उत्तरेचा एक मिठाचा व्यापारी
त्याच पोथीची नक्कल घेऊन गेला.
फळ्या आवळल्या, कातड्यात गुंडाळली,
मिठाच्या दोन गोणींमध्ये खोचली.
शेवटचं पान त्याने उघडलं नाही.
बाबा दारापर्यंत गेले, ओरडून म्हणाले,
ओढ्यात खेचर बसू देऊ नकोस!
त्याला आमची भाषा येत नव्हती.
हसला, मान डोलावली.

मी आत आले.
हंड्याखालचा जाळ विझत आला होता.